रात्रीच्या सर्चपासून पहिल्या सेशनपर्यंत: मनासाठी ऑनलाइन मदत कशी घ्यावी

‘मन कशातच लागत नाही’, ‘छातीत धडधडतं आणि भीती वाटते’, ‘सारखं रडू येतं काय करू’. मनाच्या त्रासाबद्दल तरुण मुलं-मुली पहिल्यांदा बोलतात ती पुष्कळदा अशी, सर्चच्या चौकटीत. त्यात आजाराचं नाव नसतं, कारण ते ठाऊकच नसतं. समोर कुणाचा चेहरा नसतो, लिहिलेलं पुसता येतं, ‘एवढंसं तर आहे’ असं कुणी म्हणत नाही. ज्याला किंवा जिला हे कुणाशी बोलायचं धाडस अजून झालेलं नाही, त्यांच्यासाठी ही सुरुवात चांगलीच आहे. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की १० ते १९ या वयोगटात दर सात जणांपैकी एकाला मानसिक आजार असतो. मानसिक आजारांपैकी साधारण एक तृतीयांश वयाच्या चौदाव्या वर्षाआधी आणि निम्मे अठराव्या वर्षाआधी सुरू झालेले असतात आणि बहुतेकांकडे तेव्हा कुणाचं लक्ष गेलेलं नसतं. त्रास शाळेच्या वयात सुरू होतो आणि उपचार मात्र नोकरीला लागल्यावर. मधली वर्षं अशीच जातात. ऑनलाइन मदतीनं ही मधली वर्षं कमी व्हावीत, एवढ्यासाठी हा लेख आहे.

पुढच्या प्रत्येक पायरीला मी एकच कसोटी लावली आहे. हे पाऊल मला एखाद्या जित्याजागत्या, उत्तर द्यायला बांधलेल्या माणसाच्या जवळ नेतंय का? नेत असेल तर पुढे जा. तिथल्या तिथे गोल फिरवत असेल, तर कितीही बरं वाटलं तरी तिथे फार थांबू नका.

१. सगळ्यात आधी आजच्या रात्रीचं बघा

जीव द्यावासा वाटतोय, स्वतःला इजा करावीशी वाटतेय, किंवा इतर कुणाला दिसत किंवा ऐकू येत नाहीत अशा गोष्टी आपल्याला दिसायला-ऐकू यायला लागल्या आहेत. असं काही असेल तर हा लेख आत्ता बाजूला ठेवा. चाचण्या, ॲप, व्हिडिओ काही नको. माणसाला फोन करा.

भारतात सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते. ती १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाली आणि तिथे मराठीतही बोलता येतं. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८ आहे. अमेरिकेत आणि कॅनडात ९८८ वर फोनही करता येतो आणि मेसेजही. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये समॅरिटन्सचा ११६ १२३ हा क्रमांक मोफत आहे. ही संस्था १९५३ पासून हे काम करते आहे. ऑस्ट्रेलियात लाइफलाइनचा १३ ११ १४. दुसऱ्या देशात असाल तर ‘बिफ्रेंडर्स वर्ल्डवाइड’ या संस्थेच्या साइटवर देशानुसार मदत केंद्रं शोधता येतात. जिवाला तातडीचा धोका असेल तर थेट आपत्कालीन सेवेला फोन करा, किंवा जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.

फोन लागेपर्यंत दोन गोष्टी करा. ज्या वस्तूनं इजा होऊ शकते तिच्यापासून लांब, दुसऱ्या खोलीत जा. आणि घरात किंवा हॉस्टेलवर जो कुणी जागा असेल त्याच्याजवळ जाऊन बसा. कारण सांगायची गरज नाही. ‘जरा बसू दे इथे’ एवढं पुरतं. जीव नकोसा करणारी ही लाट पुष्कळदा काही वेळानं ओसरते, आणि तेवढा वेळ एकटं न राहणं फार मोलाचं असतं.

हेल्पलाइन व्यस्त लागली किंवा पलीकडचा माणूस कोरडेपणानं बोलला, तरी दुसरा क्रमांक लावा. एका फोनवरून सगळ्यांचा निकाल लावू नका. हे मी आवर्जून सांगतो आहे, कारण पुष्कळ जण पहिल्याच प्रयत्नाला थांबतात.

२. शोधण्याआधी दहा ओळी लिहा

तातडीचं काही नसेल, तर सर्च करण्याआधी मोबाइलच्या नोट्समध्ये आपल्याला काय होतंय ते आपल्याच शब्दांत लिहा. ‘डिप्रेशन’, ‘ॲंग्झायटी’, ‘ट्रॉमा’ हे शब्द आत्ता वापरू नका. जीव घाबरा होतो, अंगात त्राण नसतं, डोकं जड होतं, कुणाशी बोलावंसं वाटत नाही, क्षुल्लक गोष्टीवरून चिडचिड होते. जे असेल ते तसंच लिहा.

मग त्याच नोटमध्ये या गोष्टींची उत्तरं टाका. कधीपासून? आठवड्यातले किती दिवस? झोप आणि भूक यांत काय बदललं? अभ्यास, काम, अंघोळ, मित्रांशी बोलणं, यांतलं काय सुटलं? त्याआधी काही घडलं होतं का: निकाल, ब्रेकअप, घरातलं भांडण, कुणाचं जाणं, नवं शहर? दारू, गांजा किंवा दुसरं काही घेता का? घरात आधी कुणाला असा त्रास होता का?

ही नोट पुढे प्रत्येक ठिकाणी कामाला येते. हेल्पलाइनच्या चॅटमध्ये ती चिकटवता येते, डॉक्टरांना वाचून दाखवता येते. दुसरा फायदा जास्त मोठा. इंटरनेटनं शब्द शिकवण्याआधीचा तुमचा त्रास तिच्यात राहतो. एकदा शंभर व्हिडिओ पाहिले की माणूस आपला त्रास त्यांच्याच भाषेत आठवायला लागतो.

३. सर्च आणि चाचण्या

सर्च करताना ‘मला डिप्रेशन आहे का’ असं विचारलं की पहिल्या पानावर चाचण्या येतात. त्यातल्या कित्येक कुणीही बनवलेल्या असतात. दोन मात्र खऱ्या उपयोगाच्या आहेत आणि जगभरचे डॉक्टर वापरतात. त्यांची नावं पीएचक्यू-९ आणि जीएडी-७.

नैराश्यासाठीची पीएचक्यू-९ २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात आणि प्रत्येकाला ० ते ३ गुण. एकूण २७. १० किंवा त्याहून जास्त गुण आले तर तज्ज्ञाला दाखवावं, असा त्याचा साधा अर्थ. जीएडी-७ ही २००६ ची, काळजी आणि भीतीसाठी. सात प्रश्न, कमाल २१ गुण, तिथेही १० हाच टप्पा धरतात.

गुण म्हणजे निदान नव्हे, हे इथे नीट समजून घ्या. थायरॉइडचा बिघाड, रक्तातलं कमी हिमोग्लोबिन, बी-१२ ची कमतरता यांनीही थकवा येतो, लक्ष लागत नाही, मन उदास राहतं. जवळचं माणूस गेल्यावरच्या दोन आठवड्यांत ही चाचणी दिली तर गुण जास्तच येतील. चाचणीला यातलं काही कळत नाही, माणसाला कळतं. उलटही खरं आहे. गुण ८ आले पण तुम्ही महिनाभर कॉलेजला गेला नसाल, तर ‘माझं तेवढं काही नाही’ म्हणून थांबू नका. आणि पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याला शून्याखेरीज कुठलंही उत्तर आलं, तर एकूण बेरीज कितीही असो, त्याच दिवशी कुणाशी तरी बोला.

निकालाचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. महिन्यानं तीच चाचणी पुन्हा दिली की फरक दिसतो. रोज देऊ नका. रोज मोजल्यानं काळजीच वाढते.

माहिती वाचायला सरकारी आरोग्य खात्यांच्या, वैद्यकीय महाविद्यालयांच्या आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या साइट पुरेशा आहेत. पानाच्या तळाशी लेख कुणी तपासला आणि कधी, हे पुष्कळदा लिहिलेलं असतं. ते बघायची सवय लावा. शेवटी काहीतरी विकणारं पान असेल तर वरच्या माहितीवर तेवढा कमी विश्वास ठेवा.

४. रील्स आणि व्हिडिओ

‘या पाच गोष्टी होत असतील तर तुम्हाला एडीएचडी आहे’ छापाचे व्हिडिओ आवडतात, कारण त्यांत आपण सापडतो. (एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं अवघड जाण्याचा, अतिचंचलतेचा विकार.) २०२२ मध्ये कॅनडातल्या मनोविकारशास्त्राच्या नियतकालिकात एक अभ्यास आला. टिकटॉकवरच्या एडीएचडीविषयीच्या सर्वाधिक लोकप्रिय १०० व्हिडिओंपैकी ५२ दिशाभूल करणारे निघाले. बनवणारे बहुतेक तज्ज्ञ नव्हतेच. किल्ल्या विसरणं, पुस्तक अर्धवट सोडणं हे सगळ्यांचंच होतं. निदान करताना ते लहानपणापासून आहे का, घरी-बाहेर दोन्हीकडे आहे का, त्यानं आयुष्य अडतंय का, असं बरंच पाहावं लागतं. मिनिटभराच्या व्हिडिओत ते मावत नाही.

तरी व्हिडिओंनी कित्येकांना ‘हे माझ्या एकट्याचं नाही’ हे पहिल्यांदा कळतं, आणि ते मी कमी लेखणार नाही. तेवढं घ्या. निदान घेऊ नका.

याहून गंभीर गोष्ट फीडची आहे. रात्री उदास व्हिडिओवर थोडं जास्त थांबलात की पुढचा तसाच येतो, त्याच्या पुढचा त्याहून काळा. २०१७ मध्ये लंडनमधल्या एका १४ वर्षांच्या मुलीचा स्वतःला इजा केल्यामुळे मृत्यू झाला होता. २०२२ मध्ये त्याची चौकशी संपली, तेव्हा तिनं सोशल मीडियावर पाहिलेल्या मजकुराचा तिच्या मृत्यूत वाटा होता, असं चौकशी अधिकाऱ्यानं नोंदवलं. म्हणून मन खचलेलं असताना असे व्हिडिओ दिसले तर ‘नॉट इंटरेस्टेड’ दाबा, सर्च हिस्टरी पुसा, फीड रीसेट करायची सोय असेल तर ती वापरा. स्वतःला इजा करण्याची छायाचित्रं किंवा पद्धती दाखवणारं खातं रिपोर्ट करून लगेच ब्लॉक करा.

५. ग्रुप आणि कम्युनिटी

टोपणनावानं लिहिता येणारे ग्रुप खूप आधार देतात, विशेषतः ज्या गोष्टी घरी उच्चारताही येत नाहीत त्यांच्यासाठी: लैंगिक ओळख, लहानपणी झालेला अत्याचार, खाण्याचे विकार. सामील होण्याआधी दोन दिवस नुसतं वाचा. नियम लिहिलेले आहेत का? जीव द्यायची भाषा कुणी केली तर मॉडरेटर किती वेळात येतो? बऱ्या झालेल्यांच्या पोस्ट आहेत, की सगळे एकमेकांना आणखी खोल ओढतायत?

एखादा सदस्य ‘इथे नको, पर्सनलवर ये’ म्हणतो, फोटो मागतो, पैसे मागतो, ‘तुझ्या घरच्यांपेक्षा मीच तुला समजून घेतो’ म्हणतो, तिथून निघा. दुखावलेल्या मुलामुलींना हेरणारी माणसं अशाच जागी येतात. इतरांनी सांगितलेल्या गोळ्या आणि डोस यांकडे तर पाहूसुद्धा नका.

६. चॅटबॉटशी बोलताना

हा भाग सविस्तर लिहितो, कारण आज कित्येक जण आधी इथेच येतात.

१९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातले प्राध्यापक जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ नावाचा एक साधा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. तो समोरच्याचंच वाक्य उलटवून प्रश्न विचारायचा, एवढंच. त्यांच्या सेक्रेटरीनं तो वापरायला घेतला आणि थोड्याच वेळात वायझेनबॉमना खोलीबाहेर जायला सांगितलं. हा प्रोग्रॅम कसा घडला ते तिनं स्वतः पाहिलं होतं, तरी तिला एकांत हवासा वाटला. आजचे चॅटबॉट एलायझाच्या कितीतरी पुढे गेलेत. त्यांच्याजवळ मन मोकळं होतं याचं आश्चर्य नको आणि शरमही नको.

ते कशासाठी चांगले? विचारांचा गुंता कागदावर आणायला. समुपदेशकाला पाठवायचा मेसेज नीट लिहून घ्यायला. ‘आईला कसं सांगू’ याची तालीम करायला. पॅनिक येतोय तेव्हा श्वासाचा व्यायाम एकेक पायरीनं करून घ्यायला.

आणि कशासाठी नाहीत? ते तुमच्या होला हो मिळवायला झुकतात. ‘सगळे माझा तिरस्कार करतात’ असं लिहिलंत तर चांगला समुपदेशक थांबून विचारेल, ‘सगळे म्हणजे कोण?’ चॅटबॉट पुष्कळदा सांत्वन करून पुढे जातो. तुम्ही तीन दिवस आला नाहीत तर त्याला काळजी वाटत नाही. तो रुग्णवाहिका बोलावत नाही. चूक झाली तर त्याचा परवाना रद्द होत नाही, कारण परवानाच नसतो. अमेरिकेत खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या एका मोठ्या राष्ट्रीय संस्थेनं २०२३ मध्ये आपला ‘टेसा’ नावाचा चॅटबॉट बंद केला. मदत मागायला आलेल्यांना तो वजन कमी करायचे सल्ले देत होता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्याच इलिनॉय राज्यानं एआयनं थेरपी देण्यावर कायद्यानं बंदी घातली.

तेव्हा माझा सल्ला असा: वापरा, पण वेळ बांधून. संभाषण संपवताना एक वाक्य टाइप करा, ‘यातलं मी माणसाला काय सांगू, तीन ओळींत लिहून दे.’ त्या तीन ओळी दुसऱ्या पायरीतल्या नोटमध्ये टाका. दोन आठवडे रोज चॅटबॉटशी बोलताय आणि एकाही माणसाला कळलेलं नाही, असं असेल तर पुढची पायरी आजच गाठा. जीव द्यायच्या विचारांसाठी मात्र चॅटबॉट नको. त्यासाठी वरचे क्रमांक आहेत.

७. पहिला मेसेज माणसाला

फोनवर बोलायची भीती वाटणाऱ्यांसाठी कित्येक हेल्पलाइन मजकुराच्या चॅटवरही चालतात. तिथे काय होतं हे माहीत असलं की भीती कमी होते. बहुधा टोपणनाव आणि वय विचारतात. थोडं थांबावं लागतं. मग पलीकडचा माणूस विचारतो, ‘आज काय झालं?’ आणि पुढे कधीतरी सरळ विचारतो, ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ हा प्रश्न ते सगळ्यांना विचारतात. विचारल्यानं असे विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. खरं उत्तर द्या. ‘विचार येतात’ म्हटलं की लगेच पोलीस दारात, असं सहसा होत नसतं. पण जिवाला तातडीचा धोका दिसला तर ते मदत पाठवू शकतात. गुप्ततेची मर्यादा काय, हे सुरुवातीलाच विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

पहिलं वाक्य सुचत नसेल तर यातलं एखादं घ्या:

‘मला कुठून सुरुवात करू ते कळत नाही. गेले तीन आठवडे झोप नाही आणि वर्गात बसवत नाही.’

‘मी हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. हळूहळू लिहिलं तर चालेल का?’

‘मला सल्ला नकोय, आधी फक्त ऐकून घ्याल का?’

शेवटचं वाक्य मला विशेष महत्त्वाचं वाटतं. आपल्याला काय हवंय हे सांगणं म्हणजे उद्धटपणा नाही. समोरच्याचंही काम त्यानं सोपं होतं.

चॅट संपण्याआधी एक गोष्ट मागून घ्या: ‘माझ्यासाठी पुढची पायरी कुठली?’ हेल्पलाइन त्या वेळेपुरता हात देते. महिनोनमहिने सोबत करायला समुपदेशक किंवा डॉक्टर लागतो.

८. ऑनलाइन थेरपिस्ट निवडणं

आधी शब्दांचा घोळ सोडवू. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमडी किंवा तत्सम पदवी असलेले डॉक्टर; औषध तेच लिहितात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्राचं प्रशिक्षण घेऊन चाचण्या आणि थेरपी करतात. समुपदेशक बोलण्यातून मदत करतात. त्यांचं शिक्षण देशोदेशी वेगळं, म्हणून विचारून घ्यावं लागतं. ‘लाइफ कोच’, ‘हीलर’, ‘माइंड एक्स्पर्ट’ ही नावं कुणीही लावू शकतं.

निवडलेल्या माणसाची नोंदणी तपासायला पाच मिनिटं लागतात. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते, डॉक्टरांची वैद्यकीय परिषदेकडे. ब्रिटनमध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्टसाठी एचसीपीसी (HCPC) ही नोंदणी संस्था, ऑस्ट्रेलियात आप्रा (AHPRA), अमेरिकेत त्या त्या राज्याचं परवाना मंडळ. नाव आणि नोंदणी क्रमांक यादीत घालून बघा. क्रमांक विचारल्यावर जो चिडतो, त्याच्याकडे जाऊ नका.

मग बुकिंगआधी मेसेज करा: तुमचं शिक्षण काय, माझ्या वयाच्या मुलांबरोबर काम करता का, कुठल्या पद्धतीनं, सेशन किती मिनिटांचं, फी किती, ऐनवेळी रद्द केलं तर काय, दोन सेशनच्या मध्ये मला संकट आलं तर कुणाला फोन करायचा. शेवटच्या प्रश्नाचं स्पष्ट उत्तर देणारा थेरपिस्ट सहसा बाकीच्या बाबतीतही जबाबदार असतो. ‘तीन सेशनमध्ये बरं करतो’ अशी हमी, एकदम वीस सेशनचं पॅकेज घ्यायचा आग्रह, रुग्णांच्या चॅटचे स्क्रीनशॉट जाहिरातीत वापरणं, यांतलं काहीही दिसलं तर पुढे जाऊ नका.

फी परवडत नसेल तर तसं स्पष्ट विचारा. काही जण विद्यार्थ्यांसाठी फी कमी करतात, कॉलेजात आणि सरकारी रुग्णालयात सोय असू शकते. विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या थेरपीचे, म्हणजे सीबीटीचे, स्वतः शिकायचे ऑनलाइन अभ्यासक्रमही आहेत. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीनं ‘मूडजिम’ २००१ मध्येच सुरू केला. अशा अभ्यासक्रमांबरोबर अधूनमधून विचारपूस करणारा माणूस असला की ते जास्त लागू पडतात, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

वय १८ च्या आत असेल तर बऱ्याच ठिकाणी पालकांची संमती लागते. ॲपमध्ये खोटं वय टाकू नका. संकटात चुकीच्या माहितीवर निर्णय घेतले जातात.

औषधाबद्दल थोडक्यात, पण कळकळीनं. चिठ्ठीशिवाय ऑनलाइन गोळ्या मागवू नका. सुरू असलेली गोळी मनानं बंद करू नका. नैराश्यावरच्या गोळ्यांना परिणाम दाखवायला काही आठवडे लागतात. आणि २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांत सुरुवातीच्या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकानं २००७ पासून दिलेला आहे. याचा अर्थ गोळ्या वाईट असा नाही. पहिले काही आठवडे डॉक्टरांच्या संपर्कात राहायचं आणि मन जास्तच काळवंडलं तर त्याच दिवशी कळवायचं, एवढाच अर्थ.

९. तुमची माहिती कुणाकुणाला दिसते

दोन वेगळ्या भीती असतात. एक घरच्यांची, दुसरी कंपन्यांची.

फोन घरात सगळे हाताळत असतील तर लॉक स्क्रीनवरचे नोटिफिकेशन बंद करा, कॅलेंडरमध्ये सेशनला साधं नाव द्या, ॲपला वेगळा पिन लावा. ब्राउझरचा इन्कॉग्निटो मोड फक्त त्या फोनवरची हिस्टरी ठेवत नाही. कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या वायफायवर नेटवर्क चालवणाऱ्यांना तुम्ही कुठल्या साइटवर गेलात हे दिसू शकतं. कॉल लॉगमध्ये हेल्पलाइनचा क्रमांक राहतो, तो हवा तर पुसा.

कंपन्यांचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. ऑनलाइन थेरपी देणाऱ्या ‘बेटरहेल्प’नं ग्राहकांचे ईमेल आणि आरोग्याच्या प्रश्नावलीतली माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट अशा कंपन्यांना दिली, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२३ मध्ये ठेवला आणि कंपनीला ७८ लाख डॉलर द्यावे लागले. तेव्हा ॲप उघडल्यावर फेसबुकच्या खात्यानं लॉगिन करू नका, वेगळा ईमेल वापरा. कॉन्टॅक्ट्स आणि लोकेशनची परवानगी नाकारा. गोपनीयता धोरणात ‘जाहिरात’ आणि ‘भागीदार’ हे शब्द शोधा आणि तेवढे परिच्छेद वाचा. खातं पुसायची सोय आहे का, हे साइन-अप करण्याआधीच पाहा.

१०. पहिलं सेशन

भिंती पातळ असलेल्या घरात एकांत मिळणं हीच मोठी अडचण. गच्ची, उभी गाडी, मित्राची खोली, कॉलेजातला रिकामा वर्ग, काहीही चालेल. हेडफोन हवेतच; त्यानं निदान समोरच्याचं बोलणं बाहेर जात नाही. दाराशी पंखा किंवा गाणी लावून ठेवली की तुमचंही कमी ऐकू जातं. अचानक कुणी आलं तर काय म्हणायचं, हे थेरपिस्टबरोबर आधी ठरवा. ‘ती असाइनमेंट मेल करतो’ म्हटलं की त्यांनी समजावं. कॅमेरा सुरू ठेवायला संकोच वाटला तर सांगा; काही जण आधी नुसत्या आवाजावर भेटतात.

पहिल्या भेटीत बहुतेक वेळ माहिती घेण्यात जातो. घर, शिक्षण, झोप, आधीचे आजार. म्हणून ‘काहीच झालं नाही’ असं वाटू शकतं. रडू आलं तर येऊ द्या. एखाद्या प्रश्नाला ‘आज नको’ म्हणता येतं. तुमचं राहण्याचं ठिकाण आणि संकटात कळवायच्या एका माणसाचा क्रमांक ते विचारतील. ही चौकशी तुमच्या सुरक्षिततेसाठी आहे.

सेशन संपल्यावर लगेच दुसऱ्या कामात उडी मारू नका. पंधरा मिनिटं ठेवा. काय लक्षात राहिलं, काय खटकलं, पुढच्या वेळी काय सांगायचंय, हे त्याच नोटमध्ये लिहा. दोन-तीन सेशननंतरही आपल्याला ऐकलं जात नाही असं वाटलं तर आधी तसं त्यांनाच सांगा. चांगले थेरपिस्ट ते मनाला लावून घेत नाहीत आणि गरज पडली तर दुसरं नाव सुचवतात. माणूस बदलणं म्हणजे थेरपी फसणं नव्हे.

घरी सांगायचं असेल तर सगळं एकदम सांगायला बसू नका. ज्याच्याशी बोलणं सोपं, अशा एकाला गाठा. ताई, मामा, आजी, कुणीही. समोरासमोर जमत नसेल तर मेसेज चालतो: ‘गेल्या दोन महिन्यांपासून मला बरं वाटत नाहीये. मी एका समुपदेशकाशी बोलायला सुरुवात केली आहे. तू लगेच काही करू नकोस, फक्त तुला माहीत असावं म्हणून सांगते आहे.’ कुणी ‘लग्न झालं की ठीक होईल’ किंवा ‘मोबाइलमुळेच हे सगळं’ म्हणालं, तर तिथे वाद न घालता दुसऱ्या माणसाकडे जा.

आणि मेसेज तुम्हालाच आला तर

रात्री मित्राचा मेसेज येतो, ‘आता नको वाटतं रे सगळं.’ त्याला विनोदी मीम पाठवू नका, ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणू नका. सरळ विचारा: ‘जीव द्यायचा विचार करतोयस का?’ हो म्हणाला तर ऑनलाइन राहा, तो कुठे आहे आणि जवळ कोण आहे ते विचारा, कॉल करा, हेल्पलाइनचा क्रमांक पाठवून ‘आपण दोघं मिळून लावू’ म्हणा. धोका आत्ताचा असेल तर त्याच्या घरच्यांना किंवा आपत्कालीन सेवेला कळवा, ‘कुणाला सांगू नकोस’ असं वचन दिलेलं असलं तरी. तो काही दिवस रागावेल, तेवढं सोसा.

आणि हे सगळं एकट्यानं पेलू नका. कुणातरी मोठ्या माणसाला त्याच रात्री सामील करून घ्या. मग दुसऱ्या दिवशी सकाळी मित्राला पुन्हा मेसेज करा. काय लिहावं सुचलं नाही तर एवढंच: ‘झोप लागली का? मी आहे. अकरा वाजता फोन करतो.’ आणि अकरा वाजता फोन करा.